गावाकडे परतायचं, पण कोणत्या अटीवर?

"बाबासाहेबांनी खेडी सोडा सांगितलं आणि तुम्ही पोरांना परत गावाला पाठवताय?" मुंबई-पुण्यातल्या तरुणांनी गावी जाऊन व्यवसाय करावा का, हा विषय निघाला की कार्यकर्त्यांच्या बैठकीत कुणीतरी ज्येष्ठ हा प्रश्न विचारतातच. प्रश्न रास्त आहे. टाळाटाळ करून किंवा "आता काळ बदलला" एवढंच म्हणून त्याचं उत्तर देता येणार नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातली, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडची हजारो कुटुंबं शहरातून गावी आली. बरीचशी परत गेली. काही राहिली. आज चेंबूर, घाटकोपर, पिंपरी, हडपसरला भाड्याच्या खोलीत राहणारा पंचविशी-तिशीतला बौद्ध तरुण पगारातून भाडं वजा केल्यावर उरतं किती याचा हिशोब करतो, तेव्हा गावची दीड एकर जमीन त्याच्या डोक्यात येतेच. शेळीपालनाचे व्हिडिओ तर मोबाईलवर रोज येतात. व्हिडिओत भावकी नसते, तलाठी नसतो आणि जातही नसते, म्हणून ते सोपं दिसतं.

आधी आपण गाव का सोडलं ते नीट आठवू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या गावात त्यांच्याकडे जमीन नव्हती असं नाही. महार वतनाची जमीन होती. हाडकी-हाडवळा हे तिचं जुनं नाव अजून अनेक गावांत चालतं. पण ती जमीन गावकामाच्या बदल्यात होती. तराळकी, येसकरकी, सरकारी टपाल पोचवणं, मेलेली ढोरं ओढणं, दारोदार भाकरी मागणं या सगळ्यासकट ती होती. आटपाडीच्या शंकरराव खरातांनी 'तराळ-अंतराळ'मध्ये हे जगणं आतून लिहून ठेवलं आहे, कारण त्यांच्या घरातच तराळकी होती. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक मांडलं, ते या बांधिलकीतून माणूस मोकळा व्हावा म्हणून. आपल्याच काही लोकांनी तेव्हा त्याला विरोध केला होता, कारण हातातली जमीन जाईल ही भीती.

आणि हा प्रदेश बाबासाहेबांना पुस्तकातून माहीत नव्हता. त्यांचं बालपण साताऱ्यात गेलं. भीमाईंचं निधन तिथंच झालं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत दाखल झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, नऊ-दहा वर्षांचा भीम भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना रोजगार म्हणून तिथं तलाव खोदला जात होता. मुलं मसूर स्टेशनावर उतरली, जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकून ती निघाली आणि रात्रभर कुणी प्यायला पाणी दिलं नाही. डबा होता, पाणी नव्हतं, म्हणून उपाशीच झोपली. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहिला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याची जी परखड चिकित्सा केली, तिच्यामागे मसूरची ती रात्रही होती असं मी मानतो.

पण बाबासाहेबांचा शेतीविषयक विचार "गाव सोडा" या दोन शब्दांत संपत नाही. १९१८ मध्ये त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्यातला मुख्य मुद्दा आजही डोळे उघडणारा आहे. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीवर भांडवल, अवजारं आणि श्रम किती लागले यावर ठरतं. भांडवल नसेल तर पाच एकरही जास्त होतात, आणि भांडवल, पाणी, कौशल्य असेल तर एक एकरसुद्धा पुरतो. शेतीवर फार माणसं बसली आहेत, ती उद्योगांकडे वळली पाहिजेत, हे त्यांचं उत्तर होतं. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, हजारो लोक तुरुंगात गेले. जमीन नको असती तर हे कशाला केलं असतं? नको होती ती ताबेदारी. म्हणून प्रश्न गावात जावं की नाही असा नाही. कोणत्या नात्यानं जावं, हा आहे.

मालक म्हणून जायचं असेल तर सुरुवात गोठ्यापासून किंवा शेडपासून होत नाही. कागदापासून होते.

कागद

१ ऑगस्ट १९५९ पासून कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली. त्याचा कायदा १९५८ चा. वतन सरकारजमा झालं आणि ठरलेली कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर त्याच कुटुंबांना जमीन परत मिळाली, पण नव्या शर्तीवर. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय आणि सरकारला ठरलेली रक्कम भरल्याशिवाय ती विकता येत नाही. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" लिहिलेलं असतं, किंवा इतर हक्काच्या रकान्यात शर्तीची नोंद असते. ज्यांना तेव्हा रक्कम भरता आली नाही किंवा कुणी सांगितलंच नाही, त्यांच्या जमिनीवर अजून सरकारचं नाव असू शकतं.

ही शर्त अडचण वाटते, पण ती संरक्षणही आहे. अनेक गावांत वतनाची जमीन पन्नास-साठ वर्षांपूर्वी चार पोती जोंधळ्यावर, लग्नाच्या कर्जापोटी किंवा साध्या कागदावर दुसऱ्याला कसायला दिली गेली आणि ती परत आलीच नाही. परवानगीशिवाय झालेला असा व्यवहार कायद्यात टिकत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा. आपल्यापैकी कुणी परवानगीशिवाय विकली तर तीही सरकारजमा होऊ शकते. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या मुंढव्याच्या महार वतन जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला. तिथं चाळीस एकर होते म्हणून बातमी झाली. एकर-दीड एकराची बातमी होत नाही.

मग करायचं काय? आधी गट नंबर शोधा आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा व ८अ काढा. सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो. त्यावर आजोबांचंच नाव असेल, आणि बहुतेक वेळा असतंच, तर वारस नोंद करून घ्या. मृत्यूचा दाखला लागतो, आणि आजोबा मुंबईत वारले असतील तर तो महापालिकेतून काढावा लागतो. इथंच बऱ्याच जणांची गाडी अडते. वारसांत आत्यांची आणि बहिणींची नावं घालायची. हिंदू वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. आत्याचं नाव लपवून केलेली नोंद पुढे कोर्टात पडते, शिवाय समतेवर भाषण करणाऱ्या माणसाला ते शोभतही नाही. त्यानंतर जुने फेरफार काढा, म्हणजे कधी कुणाचं नाव कसं लागलं ते कळतं. वतनाच्या सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास नावं असणं नेहमीचंच, आणि त्यात तुमच्या वाट्याला आठ गुंठे येणंही नेहमीचंच. वाटणी करण्याआधी ती शर्तीत बसते का हे तहसील कार्यालयात लेखी विचारून घ्या.

आठ गुंठ्यांचं काय करणार, असं म्हणून हक्कसोड पत्रावर सही करू नका. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. तो पुरावा म्हणजे तुमचं नाव असलेला सातबारा. ते आठ गुंठे गेले की उद्या पैसे असूनही एक गुंठा शेती घेता येणार नाही. शहरात वाढलेल्या पिढीला हे बहुतेक वेळा सही करून झाल्यावर कळतं.

ज्यांच्याकडे काहीच नाही अशा दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर. त्या वर्षीच्या निर्णयात दराची मर्यादा जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला ८ लाख होती. योजना चांगली आहे, पण या दरात विकायला तयार असणारा मालक मिळणं ही खरी गोम आहे. जिथं पाणी आलं तिथं मिळत नाही, आणि जिथं मिळतो तिथं बऱ्याचदा खडक असतो. समाजकल्याण कार्यालयात अर्ज करून गप्प बसण्यापेक्षा विकायला तयार शेतकरी आपणच शोधून न्यावा.

पाणी

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या पट्ट्यात मोठा फरक पडला तो पाण्यानं. कराड तालुक्यातल्या टेंभूजवळ कृष्णेचं पाणी उचलून ते कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडीकडे नेलं गेलं. ताकारी, म्हैसाळ योजना झाल्या. उरमोडीचं पाणी माण-खटावच्या काही भागात पोचलं. हे कुणी आपण होऊन दिलं नाही. १९९३ पासून तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरत राहिल्या. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांनी लोकांना दरवर्षी एकत्र आणलं.

या चळवळीत एक मागणी होती ती आपल्या दृष्टीनं फार महत्त्वाची. समन्यायी पाणीवाटप. पाणी जमिनीच्या मागे नाही, माणसामागे मिळावं. म्हणजे भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीत हे करून दाखवलं होतं. कुटुंबात माणसं किती त्यावर पाणी, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. खानापूर तालुक्यात बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधलं, त्यातही हेच तत्त्व होतं. आजचा सर्वसाधारण नियम मात्र असा नाही. आज लाभक्षेत्रात जमीन असेल तर पाणी आणि पाणी वापर संस्थेत मत, नसेल तर नाही. म्हणून गावी जाणाऱ्या आपल्या तरुणानं जयंती मंडळाचं अध्यक्षपद घ्यावं की नाही हा त्याचा प्रश्न, पण पाणी वापर संस्थेचं सभासदत्व त्यानं सोडू नये. गावातली सत्ता आता तिथं बसते.

गेल ऑम्व्हेट यांची आठवण इथं येते. अमेरिकेतल्या मिनियापोलिसला जन्मलेली, बर्कलेहून सत्यशोधक चळवळीवर पीएच.डी. केलेली ही बाई वाळवा तालुक्यातल्या कासेगावात आयुष्यभर राहिली आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी तिथंच गेली. बुद्ध आणि आंबेडकरांवरची त्यांची पुस्तकं आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहेत. कासेगावात राहून त्या नुसतं लिहीत बसल्या नाहीत. पाणी, धरणग्रस्त, परित्यक्ता स्त्रिया या प्रश्नांवर मोर्चात चालल्या. शहरातून गावाकडे जाण्याचा हाही एक नमुना आहे.

आता कटू भाग. २००७ च्या एप्रिलमध्ये माण तालुक्यातल्या कुळकजाईत एका बौद्ध शेतकऱ्याची जमावानं हत्या केली. निमित्त होतं विहिरीच्या खोदकामाचं. त्याच्या आदल्याच वर्षी खैरलांजी घडलं होतं आणि तिथंही मुळाशी शेताचा आणि रस्त्याचा वाद होता. कुळकजाईच्या खटल्यात पुढे आरोपी निर्दोष सुटले. आपला माणूस मजुरी करतो तोवर गाव त्याच्याशी बरं वागतं. तो विहीर खोदतो, पाइप टाकतो, बांधावरचा रस्ता मागतो, तेव्हा परीक्षा सुरू होते. हे घाबरवायला लिहीत नाही. सातारा-सांगलीत शांतपणे शेती करणारी, गावाशी चांगलं नातं असलेली बौद्ध कुटुंबं पुष्कळ आहेत. पण विहिरीला हात घालण्यापूर्वी मोजणी करून घ्या, हद्दीच्या खुणा पंचांसमोर लावा, भूजल आणि ग्रामपंचायतीचे कागद हातात ठेवा, आणि तालुक्याच्या गावी आपला वकील व संघटनेची चार माणसं ओळखीची असू द्या. वाद झाला तर पहिल्या दिवशी लेखी तक्रार. "गावातच मिटवू" म्हणून गेलेले पहिले आठ दिवस पुढे खटल्यात फार महागात पडतात.

विहिरीसाठी आणि पंपासाठी पैसा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना २०१७ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांना नवीन विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, पंप, ठिबक, शेततळ्याचं अस्तरीकरण यासाठी अनुदान देते. नवीन विहिरीला किमान एक एकर लागतं. कमी असेल तर दोघा-तिघांनी मिळून अर्ज करता येतो. राज्याच्या सौर कृषी पंप योजनेत इतरांना दहा टक्के भरावे लागतात, आपल्याला पाच. आणि अनुसूचित जातीच्या बचत गटाला मिनी ट्रॅक्टर व अवजारं साडेतीन लाखांच्या मर्यादेत नव्वद टक्के अनुदानावर मिळतात. गटाला पस्तीस हजार भरायचे. दुर्दैवानं यातले काही ट्रॅक्टर गटाच्या नावावर आणि दुसऱ्याच्या दारात उभे असतात.

धंदा

सगळ्यात जास्त चुकीचे निर्णय इथं होतात. शहरातून आलेला तरुण पहिल्यांदा विचार करतो तो किराणा दुकान, हॉटेल, वडापावची गाडी यांचा, कारण शहरात त्यानं तेच चालताना पाहिलेलं असतं. गावात त्याचं गिऱ्हाईक म्हणजे त्याच गावातला माणूस. तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण बौद्ध वस्तीतल्या दुकानातून दही आणि भजी घ्यायला किती घरं येतात हे महिनाभरात कळतं. याच्याशी लढलं पाहिजे, हे खरं. पण बँकेचा हप्ता अंगावर घेऊन ही लढाई लढू नये. माझं मत असं की पहिला धंदा असा निवडावा ज्याचा माल गावाबाहेर जातो आणि जिथं भाव तोंड बघून नाही, प्रत बघून ठरतो.

सुदैवानं या दोन जिल्ह्यांत अशा बाजारपेठा आहेत. सांगलीची हळद आणि तासगावचा बेदाणा सौद्यात विकला जातो, तिथं प्रतीवर बोली लागते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आटपाडीकडे डाळिंब आहे, शेळ्या-मेंढ्यांचा मोठा बाजार आहे, जतची माडग्याळी मेंढी प्रसिद्ध आहे. कोरेगावच्या वाघ्या घेवड्यालाही मानांकन आहे. हळद पावडर, बेदाण्याची प्रतवारी आणि पॅकिंग, दूध संकलन, शेळीपालन, ठिबकची जोडणी-दुरुस्ती, मोटार रिवाइंडिंग, ट्रॅक्टर भाड्यानं देणं या कामांत जात पूर्ण जात नाही, पण कौशल्य तिच्यावर मात करतं. रात्री अकराला मोटार जळाली आणि पिकाला पाणी द्यायचं असलं की माणूस दुरुस्ती करणाऱ्याची वस्ती कुठली ते विचारत नाही. शिवाय तुमचं एक भांडवल गावात दुसऱ्या कुणाकडे नसतं. तुमचे शहरातले नातेवाईक, विहारातले उपासक, ऑफिसातले मित्र हे तुमचं पहिलं गिऱ्हाईक. हळद, शेंगदाणे, ज्वारी थेट त्यांच्या घरी पोचवणारे तरुण आज आहेत.

पैशाचं गणित गावाच्या बाजूनं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जातीच्या उद्योजकाला शहरात प्रकल्पाच्या २५ टक्के अनुदान, ग्रामीण भागात ३५ टक्के. दहा लाखांचा हळद-मसाला प्रकल्प धरा. गावात साडेतीन लाख अनुदान, शहरात अडीच. स्वतःचे पाच टक्के, म्हणजे पन्नास हजार. उरलेलं बँकेचं कर्ज. अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावे ठेवीत राहतं आणि युनिट चालू असेल तरच कर्जात जमा होतं. म्हणून "सबसिडी काढून देतो, इतके टक्के द्या" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. हा कार्यक्रम फक्त नव्या युनिटसाठी आहे, पीक घेण्यासाठी नाही. आधी धंदा सुरू करून मग अर्ज केला तर तो बाद होतो. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही साधारण याच धर्तीवर आहे. नियम आणि मर्यादा बदलत असतात, तेव्हा जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चालू परिपत्रक बघा.

बँक कर्ज देईल का, हा पुढचा प्रश्न. म्हसवडची गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. मुंबईत वाढलेल्या चेतना सिन्हा लग्नानंतर माण तालुक्यात आल्या. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला प्लास्टिक घेण्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते, आणि कुठलीच बँक तिचं खातं उघडेना. बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण सभासद निरक्षर, अर्जावर अंगठे होते. बायका काही महिने लिहायला-वाचायला शिकल्या आणि परत गेल्या. व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करतो, तुमच्या साहेबांना सांगा कॅल्क्युलेटरवर करायला, बघू कुणाचा आधी होतो, असं म्हणाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आपल्या तरुणांना यातून घेण्यासारखं एवढंच की मोठ्या कर्जाच्या आधी छोटा व्यवहार दिसावा लागतो. गावी जाण्याच्या वर्षभर आधी तिथल्या शाखेत खातं उघडा आणि दर महिन्याला त्यात थोडी रक्कम फिरवा. मग शाखाधिकारी तुमच्या आडनावाकडे बघण्याऐवजी पासबुकाकडे बघतो.

पत्नीचं मत विचारल्याशिवाय हा निर्णय घेऊ नका, हे सांगावं लागतं याची लाज वाटते. नळाचं पाणी आणि स्वतःची नोकरी असलेल्या बाईला पाण्याच्या टँकरची वाट बघायला लावून आपण "मुळांकडे परतलो" म्हणणं बरोबर नाही. ज्या घरांचं बस्तान बसलं, तिथं बहुधा पहिली दोन वर्षं एकाचा पगार शहरात चालू होता, मुलांची शाळा मोडली नव्हती आणि जमीन किंवा युनिट दोघांच्या नावावर होतं. शहरातली खोली, रेशनकार्ड, तिथला विहार हे सोडून देण्याची घाई नको. दोन्हीकडे पाय ठेवून चालणं आपल्याला नवीन नाही. गिरणीत काम करणारे आजोबा तेच करत होते, फक्त ते पैसे गावी पाठवायचे, तुम्ही हळद शहरात पाठवाल.

एक बारीक गोष्ट राहिली. बहुतेक मुंबईकर गावी येतात ते १४ एप्रिलला. मिरवणूक होते, जेवण होतं, रात्रीच्या गाडीनं परत. त्या दिवशी सरकारी सुट्टी असते आणि तलाठी कार्यालय बंद असतं. या वर्षी रजा एक दिवस जास्त टाका, १५ तारखेला थांबा. सकाळी दहाला आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि गट नंबर घेऊन तलाठ्याकडे जा, आणि बरोबर गावातली आत्या असली तर उत्तम. हद्द कुठवर होती ते बहुधा तिलाच आठवत असतं.